पहिल्या खेळाचा मानकरी

१९९१ साली सान हासिंतो गावात चार हजार माणसं राहत होती आणि त्यांच्यात अदमासे एकोणीस हजार नाती होती. जन्माने मिळालेली नाती माणसाला पुरत नाहीत, हे मेक्सिकोतल्या त्लाश्काला प्रांतातल्या लोकांनी फार पूर्वी ओळखलेलं आहे. जन्म एकदाच होतो, वस्तू मात्र घरात सारख्या येत असतात. म्हणून तिथे वस्तूंमागे नाती लावण्याची व्यवस्था आहे, आणि ती अतिशय शिस्तीची आहे.

व्यवस्था अशी. घरात नवं काही आलं, मग ते मूल असो, ट्रक असो, चूल असो की देवाची तसबीर, त्याला एक मानकरी लागतो. मानकऱ्याने त्या प्रसंगाचा खर्च उचलायचा, वस्तूवर फादरांकडून पाणी शिंपडून घ्यायचं आणि जेवायला थांबायचं. त्या जेवणापासून तो त्या घरच्या मोठ्या माणसांचा कोंपाद्रे होतो. बाई असेल तर कोमाद्रे. कोंपाद्रेशी भांडायचं नाही. त्याच्यापुढे चावट बोलायचं नाही. लहानपणी एकमेकांची नाकं फोडलेली असली तरी यापुढे अहो-जाहो करायचं. आणि कोंपाद्रे-कोमाद्रेंनी आपसात लग्न करायचं नाही. (हा शेवटचा नियम चर्चच्या कुठल्याही पुस्तकात नाही. पण गावात तो सगळ्यांना पाठ असल्यामुळे पुस्तकावाचून कोणाचं अडलेलं नाही.)

व्यवस्थेचे फायदे उघड आहेत. गावातल्या शंभर भांडणांपैकी चौऱ्याण्णव मिटतात ती दोन्ही बाजू कोंपाद्रे निघाल्यामुळे. उरलेली सहा सुरूच त्यामुळे होतात.

या गावात ओतिलिया कुआमात्सी जत्रेचा गोड पाव भाजून विकायची. पुल्के ही तिकडची ताडी घालून फुगवलेला, वर तीळ लावलेला तिचा पाव शेजारच्या तीन गावांत जायचा. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी नोएमी दहा वर्षांची. आणि रोज सकाळी पाव न्यायला येणारा एक होनोरातो त्लापाले होता. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं त्याचं दुकान चौकात होतं, लग्न झालेलं नव्हतं, आणि शाळेत तो ओतिलियाच्याच वर्गात होता. तो रोज दोन पाव घ्यायचा. एकट्या माणसाला दोन पाव कशाला, यावर गावात विचार झाला होता. ओतिलियाला माहीत होतं. त्यातला एक तो शेजारणीच्या कोंबड्यांना घालायचा. दुसरा पाव कागदात बांधायला जेवढा वेळ लागतो तेवढं जास्त उभं राहायला मिळावं, म्हणून तो दोन घ्यायचा.

“आज थंडी आहे, नाही?” तो म्हणायचा.

“भट्टीपाशी उभा आहेस, होनोरातो,” ती म्हणायची.

“तेही आहेच.”

संभाषण एवढंच. ओतिलियाला हा माणूस हवा होता. त्याने विचारावं म्हणून ती थांबली होती, आणि त्याची तयारी चालू होती.

त्याच वर्षी तिच्या भावाने, फिदेन्सिओने, शिकागोहून नोएमीच्या चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या विधीसाठी हातात मावणारा व्हिडिओ गेम पाठवला. फिदेन्सिओ तिकडे एका हॉटेलात भांडी घासायचा. यंत्र राखाडी रंगाचं, सुंदर, बटणं लालसर. सोबत खेळाची कॅसेट मात्र नव्हती. (रेडिओ घेतला की गाणी वेगळी विकत घ्यावी लागत नाहीत, हा फिदेन्सिओचा मुद्दा होता आणि तो आजपर्यंत कोणी खोडलेला नाही.)

तेव्हा पहिला खेळ कोणता आणायचा, असा प्रश्न उभा राहिला. पण ‘कोणता’ या प्रश्नाच्या आधी ‘कोणी’ हा प्रश्न येतो, हे दोन्या प्राक्सेदिस यांनी लक्षात आणून दिलं. दोन्या प्राक्सेदिस म्हणजे ओतिलियाच्या नवऱ्याची आत्या, वय एकाहत्तर. (दोन्या म्हणजे तुमच्याकडचं ‘बाई’, आणि पुरुष असेल तर दॉन.) नात्यांच्या बाबतीत त्यांचा शब्द गावात शेवटचा मानला जायचा. पहिला शब्दही त्यांचाच असायचा, त्यामुळे मधे कोणाला फारसं बोलावं लागत नसे.

“खेळ नसलेलं यंत्र म्हणजे बाप्तिस्मा न झालेलं पोर,” त्या म्हणाल्या. “सगळं रीतसर होऊ दे.”

रीतसर म्हणजे पुढीलप्रमाणे झालं. यंत्राचा मानकरी खुद्द फिदेन्सिओ (गैरहजेरीत). पिशवीची मानकरीण समोरची शिंपीण. काच पुसायच्या फडक्याची मानकरीण तिची बहीण, कारण ती रुसली असती. बॅटरीचा मान ओतिलियाच्या दिराने, दॉन वुल्फ्रानो गवंड्याने, आपणहून घेतला. त्याने तो घेतला तेव्हा बॅटऱ्या संपतात हे त्याला माहीत होतं. चार चार एकदम संपतात हे माहीत नव्हतं, आणि मान परत करता येत नाही हे तो क्षणभर विसरला होता. राहिला पहिल्या खेळाचा मान. तो देण्यासाठी रविवारी जेवण ठेवलं.

मानकरी कोण होणार, असं विचारायचं नसतं. घरातल्या वडीलधाऱ्याने पदाचं नाव घ्यायचं आणि गप्प बसायचं. त्या शांततेत भरलेला पेला घेऊन जो उभा राहील त्याने पद स्वीकारलं. एकदा उभं राहिल्यावर बसायची सोय नाही.

इथे हे सांगायला हवं की सान हासिंतोत मागणी घालायची असेल तरीही माणूस भरलेला पेला घेऊनच उभा राहतो. दोन गोष्टींत घोटाळा होत नाही, कारण मागणी घालणारा आधी चारसहा माणसांना सांगून ठेवतो आणि ते त्याला कधी उठायचं ते कोपराने ढोसून कळवतात. होनोरातोने कोणालाच सांगितलं नव्हतं. त्याने नवा सदरा घातला होता, केसांना तेल लावलं होतं आणि टेबलाच्या पार टोकाला बसून तो मनातल्या मनात एक वाक्य घोकत होता. भोवती काय चाललंय इकडे त्याचं लक्ष नव्हतं. सगळे जरा गप्प झाले की उठायचं, एवढं त्याने ठरवलं होतं. आणि बत्तीस माणसांच्या त्या जेवणात सगळे एकदाच गप्प झाले.

“पहिल्या खेळाचा मानकरी,” असं म्हणून दोन्या प्राक्सेदिस यांनी ओठ मिटले.

होनोरातो पेला घेऊन उभा राहिला.

ओतिलिया टर्कीवर मोलेचा तिखट रस्सा वाढत होती. तिची पळी हवेतच राहिली. त्याचा सदरा, ते तेल, तो पेला, सगळं तिच्या ध्यानात एकदम आलं. “बस, होनोरातो!” ती म्हणाली, पण इतक्या हळू की ते फक्त ताटातल्या टर्कीला ऐकू गेलं असतं.

“मी... आज...” होनोरातो म्हणाला. “बरेच दिवस माझ्या मनात होतं...”

“ऐकलंत का!” दॉन वुल्फ्रानो ओरडला. “बरेच दिवस मनात होतं म्हणतोय! आणि आम्ही याला घुम्या समजत होतो!”

टाळ्या पडल्या. नोएमी धावत जाऊन त्याच्या कमरेला बिलगली. होनोरातोने इकडेतिकडे पाहिलं, आणि आपण कशासाठी उभे आहोत हे त्याला टाळ्यांच्या मध्यावर कळलं.

“ओतिलिया, कोंपाद्रेला मिठी मार,” दोन्या प्राक्सेदिस म्हणाल्या. “लाजतेस काय? घरचाच माणूस आता.”

त्या दोघांनी एकमेकांना मिठी मारली. ती त्यांची पहिली मिठी होती आणि नियमाप्रमाणे शेवटची.

“कोमाद्रे,” होनोरातो म्हणाला. त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. “मला खरं तर... तुम्हाला...”

“बसा, कोंपाद्रे,” ओतिलिया म्हणाली. “मोले घ्या.”

मान मिळालाच आहे तर तो नीट निभवायचा, असा होनोरातोचा स्वभाव. तो पुएब्लाच्या चोरट्या मालाच्या बाजारात गेला, दुकानदाराकडे आपलं घड्याळ ठेवलं आणि पसंतीसाठी तीन कॅसेटी घेऊन आला. त्यांची छाननी ओतिलियाच्या अंगणात झाली. अध्यक्षस्थानी दोन्या प्राक्सेदिस होत्या. तज्ज्ञ म्हणून दॉन वुल्फ्रानो, कारण बॅटऱ्या त्याच्या होत्या. ज्या मुलीसाठी खेळ घ्यायचा ती कुंपणावर बसून पेरू खात होती. तिला कोणी काही विचारलं नाही. छाननीत तशी तरतूद नव्हती.

पहिली कॅसेट फुटबॉलची.

“आपला संघ आहे यात?” वुल्फ्रानोने विचारलं.

“नाही.”

“मग हरतं कोण?”

होनोरातोने यंत्र बंद केलं. कॅसेट बाजूला ठेवली.

दुसरीत एक तलवारवाला तरुण राजकन्येला सोडवायला निघायचा. दोन्या प्राक्सेदिस यांनी चष्मा लावला.

“मुलगी कोणाची?”

“राजाची, दोन्या प्राक्सेदिस.”

“मग राजा काय करतोय?”

“ते दाखवलेलं नाही.”

“आई?”

“आईही नाही.”

“बरं. हा तलवारवाला तिला सोडवून तिच्या घरी पोचवतो, की स्वतःच्या घरी नेतो?”

“तिथे खेळ संपतो.”

“म्हणजे नेमकं तेच दाखवायचं टाळलंय,” दोन्या प्राक्सेदिस म्हणाल्या आणि कॅसेट उलटी करून ठेवली, चित्र खाली येईल अशी.

तिसऱ्या कॅसेटीत वरून वेगवेगळ्या आकाराच्या विटा पडायच्या आणि त्या फटी न ठेवता रचायच्या. वुल्फ्रानो पुढे सरसावला. थोडा वेळ त्याने पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

“ओळ पुरी झाली की गायब होते! हे कसलं गवंडीकाम? भिंत पुरी झाली की ती नाहीच!”

“सरकारी काम असेल,” दोन्या प्राक्सेदिस म्हणाल्या.

या खुलाशाने सर्वांचं समाधान झालं. खेळात कोणी मरत नाही, मुलगी नाही, आणि कष्ट आहेत, या तीन कारणांस्तव विटांचा खेळ मंजूर झाला. मात्र मुलीच्या हातात देण्याआधी परीक्षण व्हावं म्हणून दोन्या प्राक्सेदिस यंत्र एका दिवसासाठी घरी घेऊन गेल्या. ते परीक्षण पुढे कित्येक महिने चाललं. दोन्या प्राक्सेदिस प्रार्थनेला जायच्या तेवढ्या वेळात नोएमीला खेळायला मिळायचं, आणि हल्ली त्या प्रार्थना फार भराभर आटोपून येतात असं फादरांचं निरीक्षण होतं. दॉन वुल्फ्रानो बॅटऱ्यांपायी महिन्यातले दोन रविवारही काम करू लागला. कोमाद्रेला नाही म्हणता येत नाही, आणि आत्यालाही नाही. इथे तर दोन्ही एकाच खुर्चीत बसलेल्या होत्या.

होनोरातो आता सकाळी एकच पाव घेऊ लागला.

“एकच?” ओतिलियाने पहिल्या दिवशी विचारलं.

“एक पुरे, कोमाद्रे. तुम्हाला उगाच खोळंबा.”

तीस वर्षांचं अरे-तुरे एका जेवणात संपलं होतं. शेजारणीच्या कोंबड्या वाळल्या. शेवटी एक दिवस ओतिलिया उठून फादर एलिसेओंकडे गेली.

“फादर, कोंपाद्रेशी लग्न केलं तर पाप लागतं?”

“चर्चच्या मते? छे! चर्चला असली बॅटरी-बिटरीची नाती ठाऊकच नाहीत.”

“मग हे तुम्ही आत्याबाईंना सांगाल?”

फादर खिडकीबाहेर बघू लागले. “ओतिलिया,” ते म्हणाले, “घंटेच्या नव्या दोराच्या मानकरी दोन्या प्राक्सेदिस आहेत. त्या माझ्या कोमाद्रे लागतात. मला त्यांच्याशी वाद घालता येत नाही.”

तेव्हा ओतिलिया आत्याबाईंकडेच गेली. त्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि यंत्र त्यांच्या मांडीवर होतं.

“आत्याबाई, कोंपाद्रेपण कधी संपतं?”

“मेल्यावर.”

“कोण मेल्यावर?”

“माणूस. नाहीतर वस्तू.” त्यांनी मान वर केली नाही. “एउसेबिओचा ट्रक दरीत गेला तेव्हा त्या ट्रकचं कोंपाद्रेपण मीच मोडलं. पण वस्तू पुरती गेली पाहिजे. दुरुस्त होत असेल तर नातं शाबूत. आणि आता बोलू नकोस, लांबडी वीट येतेय.”

दुसऱ्या दिवशी, आत्याबाई प्रार्थनेला गेल्या असताना, ती कॅसेट भट्टीच्या तोंडाशी गेली. ती तिथे कशी गेली याबद्दल गावात पुढे अनेक मतं झाली. (भट्टीजवळ त्या वेळी ओतिलियाखेरीज कोणी नव्हतं, एवढं नमूद करून पुढे जाऊ.) ओतिलियाने कॅसेट फावड्यावर ठेवली आणि मागे वळून पाहिलं, तर नोएमी दारात उभी. ओतिलियाला शरम वाटली. तिच्या पोरीचा तो एकुलता एक खेळ होता.

नोएमीने फावड्याकडे पाहिलं.

“आणखी आत सार,” ती म्हणाली. “कडेला तेवढा ताव नसतो, पाव तिथे कच्चा राहतो ना.” आणि वर, “तसंही मला कुठे खेळायला मिळतं, आई.”

संध्याकाळी तिघी होनोरातोच्या दुकानात गेल्या. पुढे दोन्या प्राक्सेदिस, रुमालात गुंडाळलेली कॅसेट दोन्ही हातांवर धरून. होनोरातोने बिघडलेली वस्तू दुरुस्त न करता परत पाठवली असं गावात कधी घडलं नव्हतं, आणि त्याचा त्याला अभिमान होता. तेवढा एकच अभिमान त्याच्याकडे होता. त्याने रुमाल उघडला. प्लास्टिक एका बाजूने वितळून बसलं होतं. त्याने पेचकसाने झाकण उचकटलं आणि आत पाहिलं. आत तीळ होते.

होनोरातो बराच वेळ त्या तिळांकडे पाहत राहिला. मग त्याने ओतिलियाकडे पाहिलं. ती भिंतीवरच्या एका बंद घड्याळाकडे फार लक्ष देऊन बघत होती.

“हे होणार नाही,” तो म्हणाला.

“होणार नाही म्हणजे?” दोन्या प्राक्सेदिस ओरडल्या. “चर्चचा कर्णा विहिरीत पडला होता, तो बोलता केलास तू!”

“तो कर्णा होता.”

“अरे, माझी भिंत अर्धी राहिलीय!”

“माझ्याच्याने होणार नाही, दोन्या प्राक्सेदिस. मला येत नाही.” हे शब्द त्याच्या तोंडून दुकानात पहिल्यांदाच निघत होते, आणि दारात उभ्या असलेल्या दोन गिऱ्हाइकांनी ते ऐकले.

“मग दुसरी आण.”

“आणली असती. पण पहिला खेळ मानकऱ्याने एकदाच द्यायचा. दोनदा दिला तर त्याला पहिला कोण म्हणेल? शिंपिणीच्या चुलीच्या वेळी तुम्हीच सांगितलंत.”

दोन्या प्राक्सेदिस स्टुलावर बसल्या. अडचण खरोखरच मोठी होती. एकाहत्तराव्या वर्षी स्वतःसाठी खेळणं विकत घेणं त्यांना शोभलं नसतं. मानकऱ्याशिवाय त्या यंत्रात काही घालायचं नाही, हा त्यांचाच हुकूम होता. आणि पहिल्या खेळाचं पद एकच. त्यावर एक माणूस बसलेला असताना दुसऱ्याला बसता येत नव्हतं. त्यांचा अंगठा मांडीवर आपोआप हलत होता, नसलेली बटणं दाबत. दुकानातले सगळे रेडिओ बंद होते आणि कोणी बोलत नव्हतं.

दोन्या प्राक्सेदिस उभ्या राहिल्या. हातात पेला नव्हता, म्हणून होनोरातोची पाणी प्यायची वाटी उचलली.

“वस्तू मेली,” त्या म्हणाल्या. “पद रिकामं झालं. नोएमीच्या पहिल्या खेळाची मानकरीण मी.”

ओतिलियाने घड्याळावरची नजर काढली. “मग आत्याबाई, होनोरातो आमचे कोण लागतात?”

“कोणी नाही.”

“कोणीच नाही?”

“कोणीच नाही म्हणतेय ना! किती वेळा विचारशील?”

“अगदी लांबचेसुद्धा नाही?”

“ओतिलिया, हा माणूस तुझा कोणी म्हणजे कोणी नाही! आता बस किती वाजता आहे पुएब्लाची?”

एखादा माणूस आपला कोणी लागत नाही, हे ऐकून एवढा आनंद झालेली बाई सान हासिंतोत त्याआधी झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी भट्टी पेटायच्या आधीच होनोरातो आला आणि दारात उभा राहून थंडीबद्दल काही म्हणणार तोच ओतिलियाने त्याला पिठाच्या पोत्याकडे बोट दाखवलं.

“तिथे बस. हातात काही धरू नकोस. आणि काय बोलायचंय ते बसल्या बसल्या बोल.”

तो बसला आणि बोलला. वाक्य सोपंच होतं.

लग्नाला एकेचाळीस मानकरी लागले, अंगठ्यांपासून टेबलावरच्या फुलांपर्यंत. दोघांचा संसार बावीस वर्षं झाला. होनोरातो शेवटपर्यंत घरातला रेडिओ दुरुस्त करायचा आणि दुकानावर ‘सर्व दुरुस्ती होते’ या पाटीत ‘बहुतेक’ हा शब्द त्याने स्वतः रंगवून घातला. तो गेल्यावरही ओतिलिया पाव करते, आता गॅसच्या भट्टीत. मुलींच्या लग्नांपेक्षा बॅटऱ्यांपायी आपल्याला जास्त राबावं लागलं, असं दॉन वुल्फ्रानो सांगायचा. तो तापाने गेला तेव्हा त्याच्या खिशात चार नव्या निघाल्या. फिदेन्सिओ शिकागोतच राहिला. आपल्या यंत्राने काय काय झालं हे त्याला फोनवर तीनदा सांगितलं, पण तो दर वेळी विचारायचा, गाणी निघतात का त्यातून? दोन्या प्राक्सेदिस नव्वद वर्षं जगल्या. नजर गेली तेव्हा नोएमी शेजारी बसून खेळायची आणि त्या अंदाजाने सूचना द्यायच्या, बहुतेक चुकीच्या. नोएमी आज अपिसाकोत शाळेत शिकवते. लहानपणी कुठला खेळ हवा होता असं तिला कोणीतरी पुढे विचारलं, तेव्हा ती म्हणाली, तलवारवाला.

हे वाचून तुम्हाला हसू येणं साहजिक आहे. तुमच्याकडची पद्धत पुष्कळ सुटसुटीत आहे, असं ऐकिवात आहे. यंत्र दारात आणून देणाऱ्याचं नाव विचारावं लागत नाही. पहिला खेळ यंत्र स्वतःच सुचवतं. आणि त्यानंतर घरात कोणी कोणाशी भांडत नाही, चावट बोलत नाही, अहो-जाहो करायचीही वेळ येत नाही. सान हासिंतोला जे साधायला फादर, मानकरी आणि एक अख्खी टर्की लागते, ते तुम्हाला नुसत्या चार्जरवर साधलेलं आहे. याबद्दल तुमचं अभिनंदन करायचं आहे. मान वर कराल तेव्हा सांगा.